न्यूट्रॉन ताऱ्याचा पेच: एफ(आर) गुरुत्वाकर्षणातील स्क्रीनिंगच्या स्थैर्याचा प्रकरण अभ्यास

२००८ साली, विश्वाच्या वाढत्या प्रसरणवेगाचा उलगडा करू पाहणाऱ्या एफ(आर) या सिद्धांतांच्या एका मोठ्या कुळावर सरळ आणि घातक आक्षेप घेतला गेला. हे सिद्धांत खरे असतील तर न्यूट्रॉन तारे अस्तित्वातच असू शकत नाहीत, असा तो आक्षेप होता. न्यूट्रॉन तारे तर आकाशात आहेत आणि १९६७ पासून त्यांची स्पंदने नोंदली जात आहेत. तेव्हा आक्षेप बरोबर असता तर विषय तिथेच संपला असता. पुढच्या वर्षभरात त्यातला बराचसा भाग मागे घ्यावा लागला, पण जो थोडा उरला तो मूळ आक्षेपापेक्षा जास्त शिकवून गेला. या वादात ‘अस्थैर्य’ हा एकच शब्द निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला गेला, आणि त्यांपैकी दोन तर एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत, असे माझे मत आहे. हे प्रकरण पुन्हा उलगडून पाहण्याचे कारणही तेच.

पार्श्वभूमी

व्यापक सापेक्षतेच्या, म्हणजे आइनस्टाइनच्या गुरुत्वसिद्धांताच्या, मूळ सूत्रात अवकाशकालाची वक्रता, म्हणजे ‘आर’ ही राशी, जशीच्या तशी येते. तिच्या जागी वक्रतेचे एखादे फलन घातले की एफ(आर) सिद्धांत मिळतो. वक्रता अतिशय कमी असते तिथेच, म्हणजे विश्वाच्या पातळीवर, फरक दिसेल असे फलन निवडायचे आणि कृष्णऊर्जेचे, म्हणजे प्रसरणाला वेग देण्याचे, काम त्याच्याकडून करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. कॅरोल, ड्युवुरी, ट्रॉडन आणि टर्नर यांनी २००३ मध्ये वक्रतेच्या व्यस्त प्रमाणातले पद वजा करून असे एक उदाहरण मांडले.

मात्र हा बदल फुकटात पदरी पडत नाही. फलनाचे वक्रतेच्या संदर्भातले पहिले विकलज (बदलाचा दर) हे स्वतःच एका नव्या अदिश क्षेत्रासारखे, म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच आकडा असलेल्या क्षेत्रासारखे, वागते. त्याला स्केलॅरॉन म्हणतात. हे क्षेत्र पदार्थांमध्ये आणखी एक आकर्षण निर्माण करते आणि मोकळे सोडले तर त्याची ताकद न्यूटनच्या बलाच्या एकतृतीयांश भरते. सूर्याजवळून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या विलंबातून कॅसिनी यानाने २००३ मध्ये दाखवून दिले, की प्रकाशाच्या वळण्याशी निगडित असलेला गॅमा हा गुणांक १ पासून लाखात काही भागांपलीकडे ढळत नाही. स्केलॅरॉन मोकळा असता तर हाच गुणांक १/२ आला असता. इतकी मोठी तफावत झाकायची तर सूर्यमालेत हे क्षेत्र दडपले जाईल अशी व्यवस्था सिद्धांतातच हवी, आणि त्या व्यवस्थेला स्क्रीनिंग म्हणतात.

एफ(आर) सिद्धांतात जे स्क्रीनिंग काम करते ते खौरी आणि वेल्टमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या कॅमेलिऑन प्रकारचे. क्षेत्राला दोन गोष्टी ढकलत असतात: त्याचा स्वतःचा विभव (ऊर्जेचा चढउतार) एका दिशेला आणि भोवतालचा पदार्थ दुसऱ्या दिशेला. दोन्हींचा तोल जिथे साधतो तिथे क्षेत्र स्थिरावते. पदार्थ दाट झाला की हा तोलाचा खड्डा अरुंद आणि खोल होतो, क्षेत्राचे वस्तुमान वाढते, बलाचा पल्ला आखडतो आणि जड वस्तूचा केवळ वरचा पातळ पापुद्रा बाहेरच्या जगाला हे बल जाणवू देतो. पदार्थाचा हा रेटा केवळ घनतेवर अवलंबून नसतो. समीकरणात घनता येते ती तिप्पट दाब वजा होऊन. पृथ्वी, सूर्य किंवा दीर्घिका यांच्या बाबतीत दाब इतका नगण्य असतो की ही वजाबाकी कोणी लक्षातही घेत नाही. पुढचे सगळे प्रकरण तिच्यावरच येऊन ठेपते.

पहिला अपघात आणि त्यावरची दुरुस्ती

कॅरोल आणि सहकाऱ्यांच्या सिद्धांताला पहिला धक्का त्याच वर्षी बसला. डोल्गोव्ह आणि कावासाकी यांनी दाखवले, की साध्या पदार्थाच्या आत या सिद्धांतातली वक्रता एका सेकंदाच्या दहाच्या उणे २६ व्या घाताएवढ्या काळात अनावर वाढू लागते. कारण एका चिन्हात होते. स्केलॅरॉनच्या वस्तुमानाचा वर्ग फलनाच्या दुसऱ्या विकलजाच्या व्यस्तावर ठरतो. या सिद्धांतात ते विकलज ऋण होते, म्हणून वस्तुमानाचा वर्गही ऋण निघाला. क्षेत्र खड्ड्याच्या तळाशी असण्याऐवजी टेकडीच्या माथ्यावर उभे होते. हे खरेखुरे, काळात वाढणारे अस्थैर्य होते.

धडा लगेच घेतला गेला. २००७ मध्ये हू आणि साविकी यांनी, स्टारोबिन्स्की यांनी, तसेच ॲपलबी आणि बॅटी यांनी स्वतंत्रपणे अशी फलने रचली की आजच्या विश्वाच्या वक्रतेपासून वर दुसरे विकलज धन राहील, जास्त वक्रतेला सिद्धांत व्यापक सापेक्षतेकडे झुकेल आणि कॅमेलिऑन स्क्रीनिंग चोख चालेल. सूर्यमालेच्या कसोट्या या प्रतिकृतींनी पार केल्या. आता त्यांना तपासायचे होते ते प्रखर गुरुत्वात.

प्रकरण: ताऱ्याच्या आत क्षेत्र कुठे उभे असते

हू-साविकी प्रतिकृतीचा सर्वांत साधा प्रकार घेऊ, ज्यात क्षेत्राचे मूल्य वक्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आजच्या विश्वाच्या पार्श्वभूमीवर क्षेत्राचे मूल्य उणे एक-दशलक्षांश आहे असे धरू. या पार्श्वभूमीची वक्रता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६ गुणिले दहाचा उणे २९ वा घात इतक्या ग्रॅम घनतेशी जुळते. न्यूट्रॉन ताऱ्यातली घनता दर घन सेंटिमीटरला ५ गुणिले दहाचा १४ वा घात ग्रॅम धरली, तर दोन्हींचे गुणोत्तर दहाच्या उणे ४३ व्या घाताच्या आसपास येते. त्याचा वर्ग करून एक-दशलक्षांशाने गुणले की ताऱ्याच्या आत क्षेत्र शून्यापासून किती दूर आहे ते कळते: दहाचा उणे ९२ वा किंवा ९३ वा घात.

हा आकडा घटकाभर पुढ्यात ठेवून पाहावा. या सिद्धांतात क्षेत्राचे मूल्य शून्य होणे म्हणजे वक्रता अनंत होणे; ती एक भिंतच समजा. बाहेर, पोकळीत, क्षेत्र त्या भिंतीपासून एक-दशलक्षांश दूर असते. ताऱ्याच्या आत ते भिंतीला जवळजवळ चिकटलेले असते. त्यात न्यूट्रॉन ताऱ्याचा गुरुत्वीय विभव, एककरहित मापात, ०.१ ते ०.२ इतका मोठा. स्क्रीनिंग नसते तर त्या विभवाच्या प्रमाणात क्षेत्र सरकले असते, म्हणजे भिंतीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे लाख पट.

फ्रोलोव्ह यांनी २००८ मध्ये नेमके याच भिंतीवर बोट ठेवले. अनंत वक्रतेची ती जागा क्षेत्राच्या दृष्टीने सांत अंतरावर आहे, आणि तिथवर पोहोचायला लागणारी ऊर्जाही सांत आहे. भिंतीजवळ विभवाचा चढ अनंत होतो, पण भिंतीची उंची अनंत नाही. त्याच वर्षी कोबायाशी आणि माएदा यांनी स्टारोबिन्स्की यांची प्रतिकृती घेऊन एकसमान घनतेच्या ताऱ्याची समीकरणे केंद्रापासून बाहेरच्या दिशेने सोडवायला घेतली. ताऱ्याचे गुरुत्व एका मर्यादेपलीकडे गेले, की केंद्राशी कोणतेही मूल्य धरले तरी उत्तर एक तर भिंतीवर आदळत होते किंवा बाहेरच्या विश्वाशी जुळत नव्हते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की अशा सिद्धांतात सापेक्षतावादी तारे उभेच राहत नाहीत.

आक्षेपाची चिरफाड

२००९ मध्ये दोन उत्तरे आली. बाबिचेव्ह आणि लांगलोआ यांनी एकसमान घनतेचे गृहीतक सोडून बहुघाती अवस्था समीकरण (दाब घनतेच्या ठरावीक घाताने वाढतो असे नाते) वापरले, आणि प्रखर गुरुत्वाचे स्थिर तारे गणनेत मिळवून दाखवले. ताऱ्याच्या मोठ्या भागात दाब घनतेच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त असेल तर मात्र स्थिर रचना मिळत नाही, असेही त्यांनी नोंदवले. उपाध्ये आणि हू एक पाऊल पुढे गेले. त्यांनी एकसमान घनतेचाच तारा घेतला, ज्याच्या बाबतीत आक्षेप होता तोच, आणि ०.१ च्या आसपासच्या विभवाला तो व्यवस्थित उभा राहतो हे दाखवले. स्क्रीनिंग सुरू होण्याचा आणि गुरुत्व प्रखर असण्याचा परस्परांशी संबंध नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मग आधीच्या गणनेत तारे का कोसळत होते? याचे उत्तर भौतिकशास्त्रापेक्षा गणनेच्या पद्धतीत जास्त आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात तेच सर्वांत रोचक वाटते.

क्षेत्र खड्ड्याच्या तळापासून किंचित ढळले आहे असे समजा. काळाच्या समीकरणात वस्तुमानाचा वर्ग ऋण चिन्हासह येतो, म्हणून क्षेत्र तळाभोवती झोके घेते. ते स्थिर आहे. त्रिज्येच्या समीकरणात तेच पद धन चिन्हासह येते, म्हणून केंद्रापासून बाहेर जाताना तीच किंचितशी चूक घातांकी वेगाने फुगत जाते. म्हणजे खड्डा जितका खोल आणि क्षेत्र काळात जितके स्थिर, तितकी केंद्राकडून बाहेर निघालेली गणना जास्त बेभरवशाची. ताऱ्याची त्रिज्या स्केलॅरॉनच्या कॉम्प्टन तरंगलांबीच्या, म्हणजे त्याच्या बलाच्या पल्ल्याच्या, अवघी ४० पट असली, तरी सुरुवातीची चूक पृष्ठभागापर्यंत येताना २ गुणिले दहाच्या १७ व्या घाताहून अधिक पट वाढते. संगणकातील नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्या सोळाच अंक सांभाळतात. त्यामुळे केंद्राशी योग्य मूल्य असले तरी ते यंत्रात लिहिताच येत नाही. एका अंकाने कमी धरले तर उत्तर एका बाजूला पळते, एका अंकाने जास्त धरले तर भिंतीवर आपटते. खऱ्या ताऱ्यासाठी तर हे गुणोत्तर ४० नसून दहाच्या ४६ व्या घाताएवढे आहे. म्हणूनच प्रत्यक्ष मूल्ये घेऊन हा प्रश्न असा कोणी सोडवत नाही. पार्श्वभूमीची घनता कृत्रिमरीत्या वाढवून सौम्य केलेला तारा अभ्यासला जातो. शिवाय केंद्राशी मूल्य धरून बाहेर नेम साधण्याऐवजी केंद्र आणि अनंत या दोन्ही टोकांच्या अटी एकाच वेळी लादून मधले मूल्य टप्प्याटप्प्याने सावरत न्यावे लागते. तसे केले की हे घातांकी फुगणे त्रास देत नाही.

डोल्गोव्ह-कावासाकी प्रकरणाशी तुलना केली की उलटापालट लख्ख दिसते. तिथे वस्तुमानाचा वर्ग ऋण होता, त्यामुळे त्रिज्येच्या दिशेने समीकरण शांतपणे हेलकावे घेत सुटले असते आणि गणना करणाऱ्याला शंकाही आली नसती. काळात मात्र तो पदार्थ क्षणार्धात उधळला असता. २००७ नंतरच्या प्रतिकृतींत गणना उधळते आणि तारा शांत उभा असतो.

जे उरले ते

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर ते गणनापद्धतीच्या पाठ्यपुस्तकातले एक उदाहरण म्हणून उरले असते. पण एकतृतीयांश दाबाची अट गणनेच्या चुकीतून आलेली नाही, ती खरी आहे.

एकसमान घनतेच्या ताऱ्यासाठी ती हातानेच तपासता येते. व्यापक सापेक्षतेत अशा ताऱ्याच्या केंद्रातला दाब केवळ संहततेवर ठरतो. संहतता म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले त्रिज्या आणि प्रकाशवेगाचा वर्ग. एकातून दुप्पट संहतता वजा करून वर्गमूळ काढले, तर केंद्रातला दाब आणि घनता यांचे गुणोत्तर म्हणजे ‘एक वजा ते मूळ’ भागिले ‘तिप्पट मूळ वजा एक’. हे गुणोत्तर एकतृतीयांश ठेवले की मूळ २/३ येते आणि संहतता ५/१८, म्हणजे सुमारे ०.२७८. याहून दाट ताऱ्याच्या केंद्रात घनता वजा तिप्पट दाब ही राशी ऋण होते. व्यापक सापेक्षतेत स्थिर ताऱ्याच्या संहततेची बुखडाल यांनी काढलेली कमाल मर्यादा ४/९, म्हणजे ०.४४४, असल्याने दोन्हींमध्ये बराच पट्टा शिल्लक राहतो. उपाध्ये आणि हू यांना त्यांच्या एका प्राचल निवडीसाठी एफ(आर) सिद्धांतात ही कमाल संहतता ०.३४५ वर अडलेली आढळली. ज्ञात असलेला कोणताही तारा तिथवर पोहोचत नाही, हेही त्यांनी सोबत सांगितले.

या पट्ट्यात भौतिक घटना काय घडते? पदार्थाचा रेटा चिन्ह बदलतो. एरवी विभव आणि पदार्थ क्षेत्राला परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात म्हणून तोल साधतो. केंद्रात आता दोघेही एकाच दिशेला, भिंतीपासून दूर, ढकलू लागतात. तोलाचा खड्डाच नाहीसा होतो. क्षेत्राला धरून ठेवायला उरते ती भोवतालच्या, अजून शहाण्या असलेल्या, थराची ओढ. गाभा लहान असेल तर ही ओढ पुरते आणि क्षेत्र थोडे वर उचलले जाऊन थांबते. गाभ्यात स्क्रीनिंग अंशतः उघडे पडते, पण तारा टिकतो. गाभा मोठा असेल तर स्थिर रचनाच उरत नाही. घनता वाढली की स्क्रीनिंग भक्कम होते, हे वाक्य जवळपास प्रत्येक परिचयपर लेखात सापडते. विश्वातल्या सर्वांत दाट ताऱ्यांच्या गाभ्यात ते लागू पडेलच असे नाही, कारण पदार्थ दाबून दाबून दाट करत नेला की शेवटी दाब घनतेवर मात करतो.

स्थिर रचना सापडणे म्हणजे ती स्थिर असणे नव्हे. ती हलवून पाहावी लागते. दिमा, बेझारेस आणि बरौसे यांनी २०२१ मध्ये कॅमेलिऑन क्षेत्रासह न्यूट्रॉन ताऱ्यांची पूर्ण अरेषीय अनुकरणे केली, ताऱ्यांना धक्के दिले, काहींना कृष्णविवरात कोसळू दिले. पुरेशा लहान त्रिज्यीय कंपनांना स्क्रीनिंग झालेले तारे स्थिर राहिले. कंपनांच्या वारंवारता मात्र व्यापक सापेक्षतेच्या भाकितापासून ढळलेल्या दिसल्या. म्हणजे संथ आणि स्थिर परिस्थितीत झाकलेले क्षेत्र तारा हलू लागला की स्वतःची खूण उमटवते. मला वाटते, स्क्रीनिंगच्या स्थैर्याची चर्चा यापुढे स्थिर आलेखांपेक्षा अशा हलत्या ताऱ्यांवर जास्त व्हायला हवी.

तिसरे अस्थैर्य

आता वरच्या आकड्यांकडे पुन्हा वळू. त्याच मूल्यांवरून ताऱ्याच्या आतली स्केलॅरॉनची कॉम्प्टन तरंगलांबी काढली तर ती सुमारे दहाचा उणे ४० वा घात इतके सेंटिमीटर भरते. प्लँक लांबी १.६ गुणिले दहाचा उणे ३३ वा घात सेंटिमीटर आहे. म्हणजे ज्या क्षेत्राचे स्थैर्य आपण अभिजात, म्हणजे पुंज (क्वांटम) परिणाम न धरणाऱ्या, समीकरणांनी तपासत होतो, त्या क्षेत्राचा कण प्लँक वस्तुमानाच्या सुमारे एक कोटी पट जड निघतो. अशा कणाबद्दल अभिजात समीकरण काय म्हणते याला फारसा अर्थ उरत नाही, ही अडचण वादाच्या दोन्ही पक्षांनी मांडलेल्या गणितापेक्षा मला जास्त गंभीर वाटते.

कॅमेलिऑनच्या पुंज दुरुस्त्यांचा हिशेब उपाध्ये, हू आणि खौरी यांनी २०१२ मध्ये मांडला. प्रयोगशाळेतल्या घनतेला, म्हणजे दर घन सेंटिमीटरला १० ग्रॅमच्या आसपास आणि गुरुत्वाइतक्याच ताकदीच्या जोडणीला, कॅमेलिऑनचे वस्तुमान सुमारे ०.००७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेले तर पुंज दुरुस्त्या अभिजात विभवाला मागे टाकतात, असे त्यातून निघते. लगेच पुढच्या वर्षी एरिकसेक, बार्नबी, बरेज आणि हुआंग यांनी आरंभीच्या विश्वातला प्रश्न उभा केला. विश्व थंड होताना एकेक जातीचे कण मंदावतात, त्या त्या वेळी घनता वजा तिप्पट दाब ही राशी शून्याजवळून एकदम वर उसळते, आणि क्षेत्राला लाथ बसते. भिंतीकडे वेगाने जाणाऱ्या क्षेत्राचे वस्तुमान इतक्या झपाट्याने बदलते की त्यातून उच्च ऊर्जेचे कण निर्माण होतात आणि अभिजात वर्णन कोलमडते. न्यूट्रॉन ताऱ्यात अडचण करणारी वजाबाकी इथेही तीच आहे.

एफ(आर) सिद्धांतापुरता एक उपाय ॲपलबी, बॅटी आणि स्टारोबिन्स्की यांनी २०१० मध्ये सुचवला: फलनात वक्रतेच्या वर्गाचे पद मिळवावे. स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्ये आरंभीच्या महाप्रसरणासाठी मांडलेले पद तेच. ते घातले की अनंत वक्रता सांत अंतरावर राहत नाही, क्षेत्राच्या दृष्टीने ती अनंतावर ढकलली जाते, आणि फ्रोलोव्ह यांची भिंत हटते. शिवाय स्केलॅरॉनच्या वस्तुमानावर वरून झाकण बसते. महाप्रसरणातून येणारे मूल्य, म्हणजे ३ गुणिले दहाचा १३ वा घात गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, घेतले तर ताऱ्यातली कॉम्प्टन तरंगलांबी दहाच्या उणे २७ व्या घाताएवढ्या सेंटिमीटरच्या जवळ थांबते आणि प्लँक लांबीच्या वरच राहते. उपाय म्हणून तो देखणा आहे. गाभ्यातल्या दाबाच्या प्रश्नाला मात्र तो हात लावत नाही, कारण पदार्थाच्या रेट्याचे चिन्ह फलन कोणते निवडले यावर ठरत नाही. ते अणुकेंद्रीय पदार्थाच्या अवस्था समीकरणावर ठरते.

म्हणून या प्रकरणाचा उरलेला निकाल दुर्बिणींच्या हाती आहे. वास्तववादी अवस्था समीकरणे घेतली तर केंद्रातली घनता वजा तिप्पट दाब ही राशी शून्य होण्याची संहतता सुमारे ०.२६ येते, आणि समीकरण बदलले तरी ती फार हलत नाही. सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाचा १२ किलोमीटर त्रिज्येचा नेहमीचा न्यूट्रॉन तारा ०.१७ वर असतो, सुरक्षित अंतरावर. जे०७४०+६६२० या क्रमांकाच्या स्पंदक ताऱ्याचे वस्तुमान मात्र सूर्याच्या सुमारे २.०८ पट आहे. इतक्या वस्तुमानाला ०.२६ ची रेषा ओलांडायला त्रिज्या ११.८ किलोमीटरपेक्षा कमी हवी. नायसर या क्ष-किरण उपकरणाच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये दोन गटांनी ही त्रिज्या काढली. एकाचे उत्तर १३.७ किलोमीटर आले, दुसऱ्याचे १२.४, आणि दुसऱ्या उत्तरातली खालच्या बाजूची अनिश्चितता सुमारे १ किलोमीटरची आहे.